ढोलकीच्या खोळीची पट्टी

आमच्या बैठकीत दिवाणाजवळ एक पेटी ठेवलेली आहे. राखाडी कार्पेट चढवलेली, आणि वरच्या अंगाला वीतभर मरून मखमलीची पट्टी. येणाराजाणारा तिला मोढा समजून बसतो. मी बसू देते. फक्त त्या मखमलीवर कोणी चहाचा कप ठेवला तर मी काही न बोलता उचलून घेते. कोणी विचारलंच तर सांगते, ही गाडीतल्या स्पीकरची पेटी आहे, लाकूडकाम आमच्या यांचं आणि कपडा मी चढवलेला. लोकांना वाटतं, म्हातारी गंमत करते. यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, गाडी तर त्याच्याही आधी विकली, मग पेटी कोणाला समजावून सांगायची? म्हणून लिहून ठेवते.

मी ब्लाऊज शिवणारी बाई. मला कोणी शिकवलं नाही. लग्नानंतर रायपूरला आले तेव्हा माझा एकच चांगला ब्लाऊज होता, तो उसवला, त्याचे तुकडे जमिनीवर मांडले, आणि कोणता तुकडा कुठे जातो ते पाहून पाहून शिकले. एक चांगला ब्लाऊज वाया गेला, पण पुढे चाळीस वर्षं पूर्ण चौबे कॉलोनी माझ्याकडे येत होती. लिहिणंही असंच आलं. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. तेव्हा कुठे टाका वाकडा दिसला तर सांभाळून घ्या.

हे रेल्वेत होते. इंजिनांच्या शेडमध्ये. जन्मभर त्या धडधडीत उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर कानांनी हिशेब मागितला. एकदम नाही गेले कान, हळूहळू गेले, बारीक आवाज आधी. पहिल्यांदा कुकरची शिट्टी गेली. मी आंघोळीला जाताना सांगून जायची, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, आणि वरण करपायचं. मला वाटायचं माणूस पेपरात बुडाला आहे. मग दारावरची घंटी गेली. मग बायकांचे आवाज, पोरांचे आवाज. जाड आवाज तेवढे राहिले. ट्रक गेला तर कळायचा, ढग गडगडले तर कळायचे. डॉक्टर म्हणाले, नस सुकली आहे. कानातलं यंत्र आणलं, तर म्हणायचे यात फक्त भांडी पडतात. ते कपाटात गेलं.

आणि याच दिवसांत आमची मुलगी पुण्याला नोकरीला गेली.

एकुलती एक. यांचं म्हणणं होतं, जाऊ नको. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, आता इथेच ऑफिसं निघतील, नोकऱ्या निघतील, दोन वर्षं थांब. खोटं नव्हतं म्हणा. रोज काहीतरी नवीन दिसायचं. दिवे लावलेल्या गाड्या फिरायला लागल्या, शंकर नगरात एकेका बंगल्यावर खात्यांच्या पाट्या लागल्या, भोपाळहून आलेले साहेब घरं शोधत फिरायचे आणि भाडी वर चढायची. माझ्याकडे साहेबांच्या बायका ब्लाऊज घेऊन यायच्या, प्रत्येकीला पाठीचा गळा आणखी खोल पाहिजे. पण तिच्या शिक्षणाची नोकरी इथे नव्हती. ती गेली. जाताना दोघांत बोलाचाली झाली, फार नाही, पण झाली.

पुढे दर रविवारी तिचा फोन यायचा. यांनी उचलला तर नुसतं "हं, हं, आईशी बोल" म्हणून माझ्या हातात द्यायचे. नंतर तर घंटी वाजली हे माझ्या उठण्यावरून कळलं, की हे अंगणात निघून जायचे. ती विचारायची, बाबा कुठे आहेत. मी म्हणायची, बाहेर गेले. एकदा तिने स्पष्टच विचारलं, "आई, ते माझ्याशी बोलणार नाहीत का कधीच?"

मी यांना कागदावर लिहून दाखवलं, की पोरीला वाटतं तुम्ही रागावले, खरं काय ते तिला सांगून टाकू का. त्यांनी तो कागद चुलीत घातला आणि मला म्हणाले, "सांगू नको तिले. नोकरी सोडून येऊन बसेल इथं, माह्या उशापाशी. शपथ आहे तुले." मी शपथ पाळली. दोन वर्षं पाळली. तिकडे पोरगी समजत होती बापाने तोडलं, इकडे बाप तिचा आवाज ऐकायला तडफडत होता, आणि मध्ये मी, दोन्हीकडची खोटारडी.

एक कॅसेट होती. ती सहावीत असतानाची, भुलाबाईची. आमच्या विदर्भातला हा पोरींचा सण. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडायची, संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. खाऊ झाकणबंद डब्यात असतो. घरचं माणूस डबा खुळखुळवतं आणि पोरी नुसत्या आवाजावरून सांगतात, लाह्या की शेंगदाणे की बत्तासे. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. इथे रायपुरात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मराठी पोरी होत्या सात-आठ, त्यांच्यात दोन छत्तीसगढी पोरी कायमच्या, त्यांना गाणी आमच्या पोरींपेक्षा चांगली पाठ. आणि ढोलकी वाजवायला हे. बायकांच्या सणात पुरुष कशाला म्हणून शेजारणी चिडवायच्या, भाऊजी, उद्या साडी नेसूनच या. यांना त्याचं काही नव्हतं. शेजाऱ्यांकडे टेपरेकॉर्डर होता, त्यावर ती एक संध्याकाळ भरून ठेवली होती. पोरीची गाणी, यांची ढोलकी, आणि शेवटी खाऊ ओळखणं.

ती कॅसेट हे घरातल्या टेपवर लावायचे आणि टेपला कान चिकटवून बसायचे. मी पाहायची आणि आत निघून जायची.

निवृत्तीच्या पैशातून आम्ही एक जुनी व्हॅन घेतली होती, डब्यासारखी चौकोनी. हे चालवायचे, मी बाजूला. मागून हॉर्न आला की मी त्यांच्या मांडीवर दोन बोटं टेकवायची. एक दिवस गाडीच्या सीटला खोळ करायची म्हणून शंकर नगरात गेलो. तिथे गाड्या सजवण्याची दुकानं निघाली होती नवी नवी. दुकानदार भैया कोणा साहेबाच्या मुलाच्या गाडीत मोठा स्पीकर बसवत होता. त्याने तो सुरू केला तर माझ्या छातीत धडधडलं, रस्त्यावरची कुत्री उठली. मी कानावर हात ठेवले. आणि यांच्याकडे पाहिलं तर हे गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभे, तोंड उघडं. दुकानदार हसून मला म्हणाला, "आंटी, इसमें तो बहरा भी नाचेगा।"

त्याला माहीत नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. घरी येऊन मी तेच वाक्य यांना लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि हसले. मग म्हणाले, स्पीकर तेवढा आणू, पेटी मी करतो.

घरातल्या जुन्या पलंगाची जाड प्लाय होती. आठ दिवस अंगणात करवत चालली. लोखंडाशी उभा जन्म काढलेला माणूस, लाकडालाही लोखंडासारखंच दाबायचा. पण पेटी झाली, सगळे जोड आतून बुजवले, समोर गोल भोक पाडून स्पीकर बसवला, व्हॅनमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी ठेवली आणि गाडीतल्या टेपला जोडली. कॅसेट लावली. आणि सगळी गाडी खडखडायला लागली. पेटी पत्र्यावर आपटायची, पत्रा पेटीवर. यांनी हात ठेवला, काढला, परत ठेवला. म्हणाले, "ढोलकी कोणती अन् पत्रा कोणता, हाताले समजून नाही राहिलं."

तेव्हा दुकानदार म्हणाला की कार्पेट चढवावं लागतं, नुसतं दिसण्यासाठी नसतं ते, खडखड मरते. त्याच्याकडूनच राखाडी कार्पेट आणलं, नमद्यासारखं, जाडसर. आणि त्याच आठवड्यात पोरीचं पत्र आलं. फोन नाही, पत्र. माझ्या नावाने. कोजागिरीला येते, चार दिवस राहीन, बाबांना स्टेशनवर यायचं नसेल तर मी रिक्षाने येईन. ते पत्र यांनीही वाचलं. त्यांनी काय ठरवलं ते मला न सांगता कळलं. तिचं ऐकून उत्तर देता येणार नव्हतं त्यांना, पण स्टेशनवरून घरी येताना कॅसेट लागली असती आणि त्यांनी तिच्या गाण्यावर ठेका धरला असता, तर राग नाही एवढं तरी तिच्यापर्यंत पोचलं असतं. कानाचं न सांगता. आता सगळं त्या पेटीवर होतं, आणि पेटी माझ्या हातात होती.

आणि मी घोळ केला.

अस्तर भिजवल्याशिवाय मी कधी ब्लाऊज कापला नाही. नवं कापड आधी पाण्यातून काढायचं, आटायचं तेवढं आटू द्यायचं, मग कात्री लावायची. शिवून झाल्यावर आटलं तर गिऱ्हाईक आपल्याला फैलावर घेतं. हा माझा नेम. मग हे जाड कापड, याला साधं पाणी काय पुरणार म्हणून मी ऊन पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी गच्चीवर वाळत घातलं. रायपूरची गच्ची कशी असते ते रायपूरच्या बायकांना विचारा. सिलतऱ्याकडून वारा सुटला की कारखान्यांची काळी भुकटी उतरते, पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखाडी होतं. राखाडीचं काय होतं ते त्या दिवशी पाहिलं. खाली आणलं तेव्हा कार्पेट डागाळलेलं, कडा वळलेल्या, मागचा रबराचा थर सालपटासारखा सुटलेला. झटकलं, घासलं, पेटीवर टाकून पाहिलं, तर चारी बाजूंनी गुंडाळून वर येता येता वीतभर कमी.

हे बघत उभे होते. मला म्हणाले, "काहून भिजवलं?"

काय सांगणार. ब्लाऊजचं अस्तर भिजवतात म्हणून. मी फक्त कपाळावर हात मारून घेतला. दुकानात माणूस पाठवला तर दुकानदार म्हणाला, तो रंग संपला, नवा माल दिवाळीच्या सुमाराला. पोरगी परवा येणार होती.

घरात त्या जाडीचं दुसरं काही नव्हतं. मी गोधडीचा विचार केला, जुन्या कोटाचा केला. तेवढ्यात हे आतल्या खोलीत गेले आणि ढोलकीची खोळ घेऊन आले. मरून मखमलीची, आतून दुहेरी, मीच कधीकाळी शिवलेली. ढोलकी त्यांनी तशीच उघडी खुंटीला टांगून ठेवली होती. खोळ माझ्या मांडीवर ठेवली.

मी बोटाने विचारलं, अन् ढोलकी?

"आता वाजवतं कोण," ते म्हणाले.

मी कात्री हातात घेतली आणि खोळीची शिवण दोनदा चाचपली. मग कापली.

पुढचं काम मात्र मला येणारं होतं. चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन लाकडालाही लावायचं आणि कापडालाही, आणि दोन्ही सुकू द्यायचं. बोट लावलं तर चिकटायला नको, तेव्हा जोडायचं. एकदा बसलं की परत उचलता येत नाही, म्हणून यांनी एक बाजू धरली आणि मी मधून कडेकडे तळहाताने दाबत गेले. कोपऱ्यावर ओढून घेतलं, तिथे चुणी पडू दिली नाही. स्पीकरच्या भोकावर कापड आधी सरळ चढवलं, मग मधून फाडून गोल गळ्याला द्यावे तसे कातरे दिले आणि आत वळवलं. मखमल आणि कार्पेट यांची टोकं एकमेकांवर ठेवून पट्टीने ब्लेड मारलं, दोन्ही एकदम कापली, फाजील निघून गेलं, जोड असा बसला की नखाला लागेना. हे म्हणाले, शेडमध्ये असतीस तर फोरमन झाली असतीस. दोन वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ सोबत काही करत बसलो नव्हतो. त्या सोल्यूशनचा वास आजही कुठे चपलांच्या दुकानात आला तर मी थांबते.

पेटी गाडीत ठेवली. रंगाला रंग जुळत नव्हता, शेजारचे म्हणाले घोड्याचं खोगीर दिसतं. पण खडखड मेली. यांनी मखमलीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली. हव, म्हणाले. एवढंच.

ती दुपारच्या गाडीने आली. वाळली होती. पाया पडली. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढेचनात, पण बोलले काही नाही. ती पाहत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, चावी दे, मी चालवते. तिकडे शिकली होती. हे मागे बसले, पेटीपाशी, मी पुढे तिच्या बाजूला. स्टेशनची गर्दी मागे पडली.

मग ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "बाबा, अजून राग आहे का?"

मागून उत्तर नाही. आरशात मला दिसत होतं, हे खिडकीतून नवीन इमारती बघत होते. तिने परत विचारलं, जरा मोठ्याने. मग मला हिंदीत म्हणाली, "देखा आई? अब भी नहीं।" ती हिंदीत बोलली की समजायचं, आता रडणार. मी घाईघाईने कॅसेट लावली.

आधी नुसतं खरखर. मग ढोलकी. खालून, सीटमधून, पाठीतून आली. मग तिचा आवाज, सहावीतला, नाकातला. तिने ब्रेकवर पाय ठेवला. घराच्या दोन वळणं आधी एका कडुनिंबाखाली गाडी लागली. मागे यांचा तळहात मखमलीवर पडत होता, ढोलकीच्या थापेवर थाप. एक चुकत नव्हती. ती आरशात बघत हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, बाबा, ये कैसेट कहाँ रखी थी आपने? हे वाजवत राहिले. बाबा? वाजवत राहिले. तिचं हसू हळूहळू थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी शपथ मोडली. "त्यांना ऐकू येत नाही गं बाई."

"कधीपासून?"

"तू जायच्या आधीपासून. तू नोकरी सोडशील म्हणून सांगू दिलं नाही."

ती स्टिअरिंग धरून बसली. गाणी संपली, ढोलकी थांबली, आणि यांनी पेटीवरून हात उचलून मांडीवर ठेवला. त्यांच्यासाठी कॅसेट तिथे संपायची. आमच्यासाठी नाही. टेपवर डबा खुळखुळला आणि यांचा आवाज आला, तरणा, भरदार, मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता तसा. "सांगा पाहू पोट्ट्यांनो, काय आहे?"

ती सीटवर गुडघे टेकून पूर्ण मागे वळली, लहानपणी वळायची तशी. यांच्या अगदी तोंडासमोर तोंड नेलं आणि हळू, एकेक अक्षर सोडत म्हणाली, "लाह्या."

यांनी तिचे ओठ पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि मला वाटलं, आता चिडतील, आता दार उघडून उतरतील. त्यांनी पेटीवरच्या मखमलीवरून एकदा हात फिरवला.

"फुटाणे होते," ते म्हणाले. "तेव्हाबी तू लाह्याच म्हणे."

नोकरी तिने सोडली नाही. यांनी सोडू दिली नाही, तसं तिला लिहूनच दिलं चार ओळींत. पण मग तिची पत्रं यायला लागली त्यांच्या नावाने, मोडक्या मराठीत, आणि हे लाल पेनने चुका काढून परत पाठवायचे. चार-पाच वर्षं चाललं ते. आता ती आणखी लांब आहे, तिची मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. कॅसेटची फीत चिकटली, टेप दुरुस्त करणाऱ्याला दाखवली तर म्हणाला, आंटी, अब कुछ नहीं बचा इसमें. असेल. मी ती फेकली नाही.

रोज दुपारी मी पेटीवरची काळी भुकटी ओल्या फडक्याने टिपते. मखमल एका जागी दबली आहे, गुळगुळीत झाली आहे, तिथे फडकं फिरवत नाही. मधूनच तळहात ठेवते. काही नसतं, कुठून असणार.

कोजागिरीला मात्र तिचा फोन येतो. ती तिकडून डबा हलवते आणि विचारते, सांग आई, काय आहे? माझे कान अजून चांगले आहेत, मला फुटाणे चांगले कळतात. मी लाह्या म्हणते.